चार मिनिटांची ओळख

टोकियोजवळच्या ग्योतोकूत एखादं नवं मराठी बिऱ्हाड उतरलं, की जळणारा कचरा कुठल्या वारी आणि प्लास्टिकचा कुठल्या वारी हे कळायच्या आधी त्यांना शुभदाताई खटावकर कळायच्या. हातात धिरड्यांचा डबा घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या आणि पायातल्या चपला काढता काढताच पहिला प्रश्न टाकायच्या, "कुठले म्हणायचे तुम्ही?"

समोरचा "पुण्याचे" म्हणाला की त्या हसायच्या. "पुण्यात सगळेच राहतात हो. मूळचे कुठले?" हा दुसरा. आणि तिसरा, "म्हणजे अमक्यांचे कोण तुम्ही?" तीन प्रश्नांत खेळ खलास. कुणाची तरी मावसबहीण कुणाच्या तरी चुलत दिरालाच दिलेली निघायची, आणि मघापर्यंत परकं असलेलं घर धिरडं तोंडात घालायच्या आत नात्यात यायचं. त्यांचे यजमान हेमचंद्र म्हणायचे, "हिला नारिता विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत बसवा. पासपोर्ट बघायची गरजच उरणार नाही."

पण या सवयीमागे नुसता चौकसपणा होता असं कुणी म्हणू नये. हेमचंद्रांचं दोन वर्षांचं कंत्राट घेऊन हे जोडपं इथं आलं, त्याला आता चोवीस वर्षं झाली. तेव्हा ग्योतोकूत मराठी माणूस औषधालाही नव्हता. चार वर्षं शुभदाताईंना कुणी "तू कुठली?" असं विचारलंच नाही. मग एकदा नगर कार्यालयाच्या रांगेत मागून एक सांगलीचे गृहस्थ म्हणाले, "कुठल्या वहिनी तुम्ही?" आणि या बाई भर रांगेत ओक्साबोक्शी रडल्या. ते गृहस्थ इतके घाबरले की रांग सोडून पळाले. तेव्हापासून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपल्या नजरेच्या टप्प्यात आलेल्या कुणावर हा प्रश्न न ऐकण्याची वेळ येऊ द्यायची नाही.

जपानी त्या शिकल्या सार्वजनिक सभागृहातल्या फुकट वर्गात, एका निवृत्त मास्तरांकडून. पुढं मुलगी ओजस्वी शाळेत जायला लागली, वेळ मोकळा झाला, तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्या दुभाषीचं प्रशिक्षण घेतलं. मराठी, हिंदी, जपानी. त्या वर्गात शिकवलेले नियम त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, दुसऱ्याचं काही गाळायचं नाही. आणि स्वतःहून प्रश्न विचारायचा नाही.

नाटकातला प्रॉम्प्टर असतो ना, तसंच हे काम. विंगेत उभं राहायचं, शब्द पुरवायचे, प्रकाशात यायचं नाही. पण ज्याला बोलायची हौस आहे त्याला विंगेत उभं करणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीवर बसवणं. पहिले नियम शुभदाताई काटेकोर पाळायच्या. शेवटच्या नियमाला मात्र त्यांनी एक खिडकी ठेवली होती. डॉक्टर येण्याआधी बाकावर बसलेल्या पेशंटला त्या हळूच विचारायच्या, "कुठल्या गं तुम्ही?" आणि घामाघूम झालेली गरोदर बाई हसायची. दवाखान्यातल्या नर्सही म्हणायच्या, "खटावकर-सान असल्या की पेशंट शांत असतो." कौतुक झालेली चूक कोण सुधारतो?

टोकियोच्या पूर्वेकडच्या एका रुग्णालयानं अलीकडं दोन सोयी सुरू केल्या आहेत. एक म्हणजे रस्त्याकडून वेगळं दार असलेली छोटी खोली. आत उबदार टोपली. ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नाही, तिनं ते तिथं ठेवावं आणि कुणाला तोंड न दाखवता निघून जावं. आत घंटी वाजते, माणसं धावत येतात. दुसरी सोय अशी, की अडलेल्या बाईनं तिथं येऊन डॉक्टरांच्या हातांखाली बाळंत व्हावं, आणि आपलं नाव त्या दवाखान्यातल्या फक्त एका माणसाला सांगावं. ते नाव लिफाफ्यात बंद राहतं. पुढं मूल मोठं झालं आणि त्याला पाहावंसं वाटलं, तर तेच तो लिफाफा उघडणार. यासाठी तिथं स्वतंत्र कायदा नाही. सरकारनं आखून दिलेल्या सूचना आहेत, आणि बाकी तिथल्या माणसांची हिंमत.

नाव ऐकणारी ती एक व्यक्ती म्हणजे मोरिता-सान. साठीच्या, बारीक अंगाच्या, पेनाचं टोपण सतत काढणाऱ्या आणि लावणाऱ्या. त्यांनी मे महिन्यातल्या एका दुपारी शुभदाताईंना बोलावलं.

मुलगी बावीस-तेवीसची असेल. तिचं खरं नाव या गोष्टीत येणार नाही. दवाखान्याला तिनं फोनवरून मेसेज केला होता, आणि तिथं तिनं घेतलेलं नाव होतं हारु. म्हणून ती हारु-सान. जपानी शिकायला आलेली, संध्याकाळी कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काम करणारी. आठवा महिना. अंगात पुरुषी मापाचा ढगळ शर्ट. तिनं हिंदी दुभाषी मागितला होता, पण दोन वाक्यांतच शुभदाताईंनी ओळखलं आणि विचारलं, "मराठी चालेल?" मुलीच्या खांद्यांवरचं ओझं कुणी तरी उतरवून ठेवावं तशी ती खुर्चीत सैल झाली.

"चालेल की," ती म्हणाली. "मी लई घाबरलोय काकू."

मोरिता-सान एकेक वाक्य सावकाश बोलत होत्या आणि शुभदाताई ते मराठीत ठेवत होत्या. "तुमचं नाव फक्त मला कळेल. घरी नाही, शाळेत नाही, वकिलातीत नाही."

मुलीनं मान वळवून शुभदाताईंकडं पाहिलं. "आणि ह्यांना?"

तेही शुभदाताईंनी जपानीत सांगितलं, जसंच्या तसं. मोरिता-सान म्हणाल्या, "दुभाषीलाही नाही. नाव लिहिताना त्या खोलीबाहेर जातील." हेही शुभदाताईंनीच तिला मराठीत सांगितलं. त्यांच्याच तोंडून ते वचन गेलं.

मुलीनं मान डोलावली. पुढच्या मंगळवारी तपासणीला येते म्हणाली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "हे लाथा मारतंय लई." मोरिता-सान हसल्या, रक्तदाबाचं यंत्र आणते म्हणून उठल्या आणि बाहेर गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. परत आल्या तेव्हा दोन चौदा.

चार मिनिटं. रंगभूमीवर चार मिनिटांत राज्यं बुडतात.

आधी शुभदाताई एवढंच म्हणाल्या, "पाणी पी." ती प्यायली. मग खोलीत शांतता पसरली, आणि शांतता ही गोष्ट शुभदाताईंना जन्मात सोसली नव्हती.

"कोल्हापूरकडची ना गं तू?"

मुलगी हसली. "कसं कळलं?"

"'घाबरलोय' म्हणालीस की. तिकडच्याच मुली असं बोलतात. कोल्हापूर म्हणजे शहरातली?"

"नाही, जरा पुढं." आणि थोडं थांबून, इतक्या दिवसांनी कुणी आपुलकीनं विचारलं म्हणून असेल, ती म्हणाली, "गडहिंग्लज."

"अगोबाई! आमच्या सुनीता वन्सं गडहिंग्लजलाच दिल्यात!" शुभदाताईंचा चेहरा उजळला. आणि जीभ, जी वीस वर्षं या एकाच वाटेनं धावत आली होती, ती थांबली नाही. "वन्सं दिवाळीत सांगत होत्या, हायस्कुलातल्या चित्रकलेच्या सरांची लेक जपानला शिकायला गेलीय म्हणून. भेटली तर बघ म्हणाल्या. ती तूच का गं?"

पडदा हळू पडतो, प्रेक्षकांना सावरायला वेळ देतो. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा पडदा दोर तुटल्यासारखा पडला. शुभदाताईंनी तो पाहिला, आपण काय केलं ते त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि सावरायला म्हणून त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. पहिल्याहून वाईट.

"घाबरू नकोस हं बाळ. मी वन्संना काही सांगायची नाही."

मुलगी उठली. "काकू, मी जरा बाथरूमला जाऊन येतो." जाताना तिनं खुर्चीखालची पिशवी उचलली. बाथरूमला जाताना पिशवी कोण नेतं?

मोरिता-सान यंत्र घेऊन आल्या. रिकाम्या खुर्चीकडं पाहून म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही," शुभदाताई म्हणाल्या. "बाथरूमला गेलीय. जरा घाबरली होती."

पहिली चूक जिभेची होती. ही दुसरी मात्र त्यांनी विचार करून केली.

मंगळवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. मोरिता-सान तिला मेसेज पाठवत होत्या, साध्या जपानीत, इंग्रजीत. मेसेज वाचले जात होते. उत्तर येत नव्हतं.

शुभदाताईंनी घरी अवाक्षर काढलं नाही. गुपित ठेवण्याची अक्कल आली होती, पण फार उशिरा. त्यांना आता एकच ठाऊक करून घ्यायचं होतं, ती पोर जिवंत आहे ना, सुखरूप सुटेल ना. ग्योतोकूच्या कोम्बिनीत शिरून त्या कारण नसताना दूध घ्यायच्या आणि गल्ल्यावरच्या मुलीकडं चोरून बघायच्या. सातव्या दुकानात त्यांच्या लक्षात आलं, की समजा ती सापडलीच, तर आपल्याला पाहून ती नोकरी सोडेल, घर सोडेल, कदाचित शहर सोडेल. त्या दुधाचा खोका तसाच ठेवून बाहेर पडल्या. फ्रिजमध्ये मात्र तेव्हा सहा लिटर दूध साठलं होतं. हेमचंद्र म्हणाले, "गवळ्याचा धंदा काढायचा आहे का?"

जूनमध्ये हेमचंद्रांच्या ऑफिसातलं एक नवं जोडपं जेवायला आलं, यामिनी आणि सारंग. बिचारी यामिनी प्रश्नाची तयारी करून आली होती. तिला आधीच कुणी तरी सांगून ठेवलं होतं. पण शुभदाताई म्हणाल्या, "भाजी घ्या." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोळी घ्या." यामिनीनंच शेवटी आपण होऊन सांगितलं, "काकू, आम्ही मूळचे वाईचे." शुभदाताई म्हणाल्या, "हो का? आमटी घ्या."

पाहुणे गेल्यावर हेमचंद्रांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "वाईला तर तुझे निम्मे नातेवाईक आहेत. काय होतंय तुला?"

ओजस्वी सोफ्यावर फोन बघत पडली होती. ती आधी जपानीत काही तरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "बरं झालं ना बाबा. मला लहानपणापासून तो प्रश्न आवडायचा नाही. शाळेत जपानी मुलं विचारायची कुठली तू, घरी आईचे पाहुणे विचारायचे कुठली तू. जिथं कुणीच विचारत नाही अशी जागा मी शोधायचे."

"कुठं सापडली?" शुभदाताईंनी विचारलं.

"लायब्ररीत."

शुभदाताई ओट्याशी गेल्या आणि स्वच्छ असलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. जो प्रश्न त्यांना पाण्याच्या घोटासारखा वाटत आला, तो पोटच्या पोरीलाही काट्यासारखा लागत होता, आणि वीस वर्षांत त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी सुनीता वन्संचा फोन आला. सून, गुडघे, आंबे, सगळं झालं. मग वन्सं म्हणाल्या, "अगं शुभदा, त्या सरांच्या लेकीचं तुला सांगितलं होतं बघ. घरी फोनच करत नाही म्हणे नीट. सर काळजीत आहेत. नंबर देऊ का? तू एकदा बघून ये की पोरीला."

कागद समोर होता, पेन हातात होतं. दहा-अकरा आकडे लिहायचा अवकाश, की मोरिता-सानना हव्या असलेल्या मुलीपर्यंत वाट तयार. पण त्याच वाटेचं दुसरं टोक गडहिंग्लजमध्ये होतं. नंबर घेतला की वन्सं संध्याकाळी सरांना सांगणार, "आमची वहिनी जाऊन येतेय." आणि सर मुलीला विचारणार, "खटावकर काकू भेटल्या का?" त्या मुलीला ज्याची भीती होती नेमकं तेच, पायरी पायरीनं.

"नको वन्सं," त्या म्हणाल्या. "मला सध्या वेळ नाही."

"बाई गं! तुला वेळ नाही?"

हे शहाणपण होतं की भेकडपणा, हे शुभदाताईंना तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

जूनच्या शेवटच्या बुधवारी दुपारी मोरिता-सानचा फोन आला. टोपलीत बाळ आलं होतं. मुलगी. सोबत एक चिठ्ठी, भारतीय अक्षरांत. "हिंदी आहे की मराठी आम्हाला कळत नाही. याल का?"

तोझाई लाइनच्या गाडीत शुभदाताई उभ्याच राहिल्या. बसायला जागा होती.

बाळ त्यांना काचेतून दाखवलं. दोन किलो सहाशे. डोक्यावर दाट काळं जावळ, मुठी आवळलेल्या. हात-पाय उत्तम होते, श्वास उत्तम होता. नाळ मात्र बाळ आलं तेव्हा एका दोऱ्यानं बांधलेली होती, आणि तो दोरा कसला हे शुभदाताईंना लांबूनही कळलं. शर्टाला बटण लावायचा पांढरा दोरा. डॉक्टरांनी आता तिथं क्लिप लावली होती आणि दोरा एका ताटलीत काढून ठेवला होता.

मग त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, मोरिता-साननी चिठ्ठी पुढं केली. वहीचा फाडलेला कागद. अक्षर देखणं, वळणदार. चित्रकलेच्या सरांच्या घरचं अक्षर.

शुभदाताईंनी वाचायला सुरुवात केली. एक ओळ मराठीत मनाशी, मग तीच ओळ जपानीत मोठ्यानं. नियमाप्रमाणे, "मी" म्हणत.

"हिचा जन्म काल, मंगळवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी झाला. वेळ मी नीट पाहिली आहे. पुढं तिला कुणी विचारली तर सांगा."

"मी कात्री उकळून घेतली होती. दोराही उकळला होता. इंटरनेटवर पाहून केलं."

"ती दोनदा दूध प्यायली आहे. मला रक्त अजून जातं आहे, पण कालच्यापेक्षा कमी."

मोरिता-सानच्या पेनाचं टोपण निघालं, लागलं, निघालं.

"तिला थंडी वाजते. पाय झाकून ठेवा."

आणि मग पुढची ओळ. शुभदाताईंनी ती मनात वाचली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचली. चिठ्ठीत ती शेवटची ओळ होती. गाळली असती तर या इमारतीत ती वाचू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. कागद घडी करून द्यायचा, "एवढंच आहे" म्हणायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. प्रॉम्प्टरनं एक वाक्य गिळलं तर प्रेक्षकाला कुठं कळतं?

"अजून आहे का?" मोरिता-साननी विचारलं.

"आहे," शुभदाताई म्हणाल्या, आणि पाठ सरळ करून त्यांनी ती ओळ शब्दाला शब्द जपानीत सांगितली.

"तुमच्याकडं मराठी बोलणाऱ्या एक बाई आहेत. त्या वाईट नाहीत. पण ही चिठ्ठी कृपा करून त्यांना दाखवू नका. त्यांना माझं घर माहीत आहे. त्या नसत्या तर मी त्या मंगळवारी तपासणीला आले असते."

बाहेर कुणाची तरी ढकलगाडी गेली, चाक कुरकुरत.

"त्या बाई म्हणजे मी," शुभदाताई म्हणाल्या. या वेळचा "मी" त्यांचा स्वतःचा होता. "तुम्ही यंत्र आणायला गेलात तेव्हा मी तिला गाव विचारलं. मग घर विचारलं. आणि तुम्ही काय झालं म्हणून विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले."

मोरिता-साननी पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिला तुमच्यापाशी एकटीला सोडून मी खोलीबाहेर गेले, ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "ते माझ्याकडं. पण खटावकर-सान, तुम्ही त्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर त्याच संध्याकाळी मी तिला लिहू शकले असते, की त्या बाई पुन्हा येणार नाहीत. एवढं एक वाक्य. पाच आठवडे होते आपल्याकडं."

शुभदाताईंनी मान खाली घातली. ताटलीतला दोरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"ती कोण, ते तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"मला सांगू नका. ते तिचं आहे, ती देईल तेव्हा घेऊ. पण तिला रक्त जातंय, आणि डॉक्टरांना ती आज हवी आहे." मोरिता-साननी आपला फोन टेबलावर ठेवला. हारु-सान नावाचं पान उघडलं. "मराठीत लिहा."

शुभदाताईंनी आधी लिहिलं ते असं: "बाळ, मला माफ कर. माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला तुझ्या वयाची मुलगी आहे आणि..." मोरिता-साननी अर्थ विचारला. त्यांनी सांगितला.

"ही माफी कुणाच्या उपयोगाची?" मोरिता-साननी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

शुभदाताईंनी सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

"तुमची मुलगी सुखरूप आहे. दूध पिते. तिचे पाय झाकले आहेत. तुम्हाला डॉक्टरांनी लवकरात लवकर तपासणं गरजेचं आहे. हे पाठवून झाल्यावर मराठी बोलणाऱ्या बाई इथं येणार नाहीत. तुम्हाला जी भाषा आणि जो माणूस हवा असेल तो सांगा. तुम्ही या. कुणी काही विचारणार नाही."

एंट्री आणि एक्झिट एकाच पानात आजवर कुणी केली नसेल. पाठवायचं बटण मोरिता-साननी दाबलं. शुभदाताईंनी गळ्यातली दुभाषीची पट्टी काढली, नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. मोरिता-साननी ती ठेवू दिली.

दोन दिवस फोन वाजला नाही. शुक्रवारी सकाळी वाजला.

"खटावकर-सान, आज तुम्ही कुठं आहात?"

"घरी. डाळ भिजत घालत होते."

"आज दिवसभर घरीच राहाल का? स्टेशनकडंही येऊ नका. आमच्याकडं तर नकोच."

बस, एवढंच. का, कोण, किती वाजता, काही नाही. मोरिता-सान नियमाबाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्हेत. पण शुभदाताईंना त्या "नकोच"मध्ये सगळं कळलं. खाली बसून त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

त्या दिवशी त्या घराबाहेर पडल्या नाहीत. कोथिंबीर संपली होती, आणली नाही. खाली कचरा न्यायचा होता, ओजस्वीला पाठवलं. दाराची घंटा वाजली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात डबा घेऊन गेलेली बाई त्या दिवशी आपल्याच घरात श्वास रोखून बसली, कारण तिनं न जाणं एवढंच तिच्याकडून हवं होतं. दुपारचे एक चाळीस झाले तेव्हा त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

"काय गं, कुणाची वाट बघतेस?" हेमचंद्रांनी विचारलं. ते त्या दिवशी घरूनच काम करत होते.

"कुणाची नाही," त्या म्हणाल्या.

लिफाफ्यात नाव गेलं का, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, सांगणारही नाही. बाळ आता कुठं आहे तेही नाही. त्या रुग्णालयात हल्ली हिंदीसाठी एक नेपाळी बाई जातात, असं त्यांच्या कानावर आलं. शुभदाताई आता फक्त फोनवरून दातांच्या दवाखान्यासाठी दुभाषीचं काम करतात. दात दुखणाऱ्याला गाव विचारायचा मोह होत नाही. त्याचं तोंडच उघडं असतं. त्या हा विनोद स्वतःच करतात. हसणं मात्र ओठापाशीच थांबतं. एका अनोळखी मुलीची जन्मवेळ, आजोळ, आईचं अक्षर, हे सगळं त्यांना ठाऊक आहे, आणि त्यातलं काहीही देण्याचा त्यांना हक्क नाही. लिफाफा रिकामा राहिला असेल, तर उद्या ती मुलगी जगभर हेच शोधत फिरेल. भरलेला असेल, तर यांनी विसरून जायला हवं. आणि विसरणं काही त्यांना जमत नाही.

दिवाळीत वन्संचा फोन आला.

"अगं, चित्रकलेच्या सरांनी पेढे वाटले! लेक जपानीच्या परीक्षेत पास झाली. फोटो आलाय. जरा वाळलीय, पण हसरी आहे हो. आता घरी रोज फोन करते म्हणे."

शुभदाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो का? छान झालं."

"तू तिथं असून एकदा भेटली नाहीस तिला, कमाल आहे तुझी. अख्ख्या जपानात तुझी ओळख! तीन प्रश्नांत माणूस हुडकतेस. आणि ही आपल्या गल्लीतली पोर..."

हेमचंद्र फराळाच्या ताटावरून मान वर करून बघत होते. ओजस्वीही बघत होती.

"जपान मोठं आहे हो वन्सं," शुभदाताई म्हणाल्या. "माझी नाही तिच्याशी ओळख."